डोझरला लागलेली हळद

ही गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी. दुसरे सांगतात तेव्हा तिला मीठमसाला लावतात, आणि खरं सांगायचं तर मीठमसाला लावायला या गोष्टीत जागाच शिल्लक नाही.

चौऱ्याहत्तर साली मी सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या कामावर मिस्त्री होतो. काम एका कंत्राटदाराचं होतं. त्याआधी दहा वर्षं वारंगा फाट्यावर माझं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं थांबणारे ट्रकवाले मला डॉक्टर म्हणायचे. शेषराव मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून रोग सांगतो, अशी माझी ख्याती. दहातल्या सहा वेळा ते बरोबर निघायचं. उरलेल्या चार वेळांचे ट्रकवाले पुन्हा माझ्या दारात आले नाहीत, म्हणून ख्याती टिकली.

त्या साली कामावर एक नवा डोझर आला. नवा म्हणजे आम्हाला नवा. कुठल्यातरी परदेशी कामावर वापरून झालेला. पण त्याच्या इंजिनाला टर्बो होता, आणि टर्बो आमच्या भागात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मीही नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो पंखा बाहेरची हवा ओढून घेतो आणि इंजिनात दाबून भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, म्हणून जास्त ताकद. एवढं मला यंत्र पोचवायला आलेल्या माणसानं सांगितलं. तो बिचारा हिंदीत सगळं समजावत होता आणि मी प्रत्येक वाक्याला अशी मान डोलवत होतो, जशी काही ही माहिती मला आईच्या पोटातच मिळाली होती.

त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. हवा आत जाते त्या वाटेवर एक मोठा डबा होता, त्या डब्यात कागदी जाळी, म्हणजे फिल्टर. डब्याच्या अंगावर अंगठ्याएवढी एक काचेची नळी होती. फिल्टर साफ असला की काच कोरी दिसायची. फिल्टर तुंबला की आतून लाल पट्टी वर यायची. "मिस्त्रीजी, ये लाल हुआ तो समझो इसका दम घुट रहा है," तो म्हणाला. मी म्हणालो, "मालूम है." सोबत एक जाडजूड पुस्तकही होतं, भलत्याच लिपीतलं. ते मी वाचलंय असं मी कंत्राटदाराच्या कामावरच्या साहेबांना सांगितलं. त्यातली चित्रं मी खरंच पाहिली होती.

डोझर चालवायला रतनसिंग होता. जवळच्या तांड्यावरचा, तिशीतला, कमी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको जमनाबाई दोघं मातीची टोपली वाहायला कामावर आले होते. हा दुपारच्या सुट्टीत जेवण आटपून जुन्या डोझरपाशी येऊन बसायचा, फडक्यानं पुसायचा, विचारायचा. वर्षभरात चालवायला शिकला. यंत्रावर बसणारा तो त्यांच्या तांड्यातला पहिलाच माणूस. मीच त्याला शिकवलं असं मी सगळ्यांना सांगत असे. मी त्याला शिवी न देता जवळ बसू दिलं, एवढं मात्र खरं आहे.

मग दसरा आला.

दसऱ्याला अवजारांची पूजा होतेच. आमच्या कामावर फावड्या-घमेल्यापासून रोलरपर्यंत सगळ्यांना हार-कुंकू व्हायचं. त्या वर्षी पूजेचा मान माझ्याकडे होता आणि नवा डोझर माझ्या ताब्यात होता, त्यामुळे माझ्या अंगात आलं होतं. मी म्हणालो, यंत्र चालू ठेवूनच पूजा करायची. बंद यंत्राची पूजा ही काय पूजा? साहेबसुद्धा हसून हो म्हणाले. कुंकू वाऱ्यानं उडू नये म्हणून मी ते ग्रीसमध्ये कालवलं. ही माझी स्वतःची युक्ती, आणि त्या सकाळी मी ती चार जणांना समजावूनही सांगितली. मग पुढच्या पात्याला एक टिळा, दिव्यांना एकेक, आणि जिथं जिथं काच दिसली तिथं तिथं एकेक: तेलाच्या मीटरला, तापाच्या मीटरला, आणि फिल्टरच्या डब्यावरच्या त्या नळीला. एकाही काचेवर मी अन्याय केला नाही.

टिळे झाले, नारळ फुटला, आणि भंडारा उधळायची वेळ आली. वसमतकडच्या हळदीचा अख्खा डबा मी आणवला होता. बॉनेटमधून वर आलेला हवेचा एक नळ होता. कुणीतरी मूठभर हळद उडवली, ती त्या नळाजवळ गेली आणि दिसेनाशी झाली. इंजिन चालू होतं, आतला पंखा ओढत होता. पण तो विचार करणारं तिथं कुणी नव्हतं.

"घेतला! मशीननं भंडारा घेतला!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता. जो तो मूठ भरून त्या नळाच्या तोंडाशी धरायला लागला. हळद गायब व्हायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. बायांनी हात जोडले. रतनसिंग केबिनमधून खाली उतरून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, ते पोटात जाऊन राहिलं तिच्या."

"देवाचं हाय रे," मी म्हणालो, "बाधत न्हाई." आणि डब्यात उरलेली हळद मी स्वतःच्या हातानं त्या नळात ओतली.

वाचणाऱ्याच्या लक्षात पुढचं सगळं आलं असेल. माझ्या आलं नाही, आणि मी तर तिथंच उभा होतो.

तिसऱ्या दिवशी डोझर काळा धूर सोडायला लागला. चौथ्या दिवशी त्याची ताकद कमी झाली. जी माती तो एका दमात ढकलायचा, तिला आता तीन खेपा लागायच्या. कार्तिकात धरणातून रब्बीचं पाणी सुटणार होतं, त्याआधी आमचा तुकडा खोदून व्हायला हवा होता, म्हणून साहेब दर दोन तासांनी येऊन विचारायचे, "शेषराव, काय झालं?"

मी हात मागं बांधून यंत्राभोवती एक चक्कर मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि सांगितलं, "डिझेल खराब आहे."

डिझेल मी बाटलीत घेऊन उन्हात धरलं. तळहातावर चोळलं, हुंगलं, जिभेवर घेतलं. जिभेवर घेतलेलं बघून माणसांवर चांगली छाप पडते. टाकी रिकामी करून धुतली, दुसरं डिझेल भरलं. धूर तसाच. मग मी म्हणालो, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल बिघडल्यात. चारी नोझल काढून तपासल्या. फवारा असा बारीक, निर्दोष यायचा की मला स्वतःलाच वाईट वाटलं. मग पंपावर आलो. पंप देतो ते डिझेल कमी केलं. धूर थोडा कमी झाला आणि राहिलेली ताकदही गेली. पुन्हा वाढवलं.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. हे वारंगा फाट्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. पण जन्मभर माझी सगळी करामत डिझेलच्या बाजूची. हवा काय, ती फुकटची, सगळीकडे असते, तिच्यात काय बिघडणार, असा माझा हिशेब. तापाच्या मीटरचा काटा वर चढत होता, तर मी म्हणालो की मीटर बिघडलंय, आणि त्याची वायर काढून टाकली. जे मीटर माझ्या मताशी जुळायचं नाही, ते बिघडलेलं.

रतनसिंगनं या दिवसांत मला दोनदा सांगितलं. एकदा म्हणाला, "मिस्त्री, शिट्टी बदलली हिची. पह्यले पातळ यायची, आता घोगरी येऊन राहिली." टर्बोच्या पंख्याची शिट्टी म्हणत होता तो. दिवसाचे दहा तास तो त्या आवाजात बसायचा, आणि मी दहा मिनिटं. मी त्याला म्हणालो, "तू शिट्ट्या ऐकू नको, माती ढकल."

दुसऱ्यांदा त्यानं त्या काचेच्या नळीकडे बोट केलं. "ते लाल दिसून राहिलं, मिस्त्री."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, चार जणांना ऐकू जाईल असा. "आरं, ते कुंकू हाय. मीच लावलं."

तो पुन्हा यंत्रावर जाऊन बसला. मिस्त्रीनंच लावलेलं म्हटल्यावर तो तरी काय बोलणार?

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी साहेब आले ते चिडूनच. काम अर्ध्यावर, आणि डिझेलची टाकी मात्र दुपारीच तळ गाठायची. सगळी माणसं हजेरीसाठी जमली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "शेषराव, पंप बघितला, नोझल बघितल्या. मग एवढं डिझेल जातं कुठं?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं, "मला माहीत नाही, साहेब." चार साधे शब्द. पण ज्याला लोक डॉक्टर म्हणतात, त्याच्या तोंडून ते निघत नाहीत. सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "साहेब, इंजिन एवढं पीत न्हाई. डिझेल दुसरीकडं कुठं तरी चाललंय."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी नाव घेतलं नव्हतं. पण टाकीची किल्ली एकाच माणसाकडे असायची. साहेबांनी रतनसिंगकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं. "चोर आहेस तू," साहेब म्हणाले, "या तांडेवाल्यांना यंत्रावर बसवलं हीच माझी चूक." तांड्यावरच्या माणसावर चोरीचा आळ घ्यायला पुरावा लागत नाही, माझ्यासारखा एक शहाणा लागतो.

रतनसिंगनं माझ्याकडे बघितलं. मी पंपाकडे बघितलं. त्यानं कमरेची किल्ली काढून साहेबांच्या पायाशी नाही, माझ्या हातात ठेवली आणि गेला. जमनाबाई टोपली खाली ठेवून त्याच्या मागं गेली. तांड्यावरच्या आणखी पाच जणांना साहेबांनी त्याच दिवशी यंत्रांच्या जवळ फिरकायला बंदी केली.

त्याच्या जागी नरसिंग नावाचा चालक आला. टाकीची किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली. त्यानंही पहिल्याच दिवशी तेवढंच डिझेल जाळलं. मी म्हणालो, नवा माणूस आहे, हात बसायला वेळ लागेल. मूर्खपणाला उत्तरं कशी भराभर सुचतात, याचं मला अजून नवल वाटतं.

असे बारा दिवस गेले. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून यंत्रं धुऊन-पुसून ठेवायचा हुकूम आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली बसले होते, आणि मी रॉकेलचा बोळा घेऊन डोझरवरचे माझेच टिळे पुसत होतो. दिवे पुसले. तेलाचं मीटर पुसलं. मग ती काचेची नळी पुसली. ग्रीसमधलं कुंकू बोळ्यावर आलं, पण काच लालच. म्हटलं, पक्कं बसलंय. बोळा पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून पुन्हा पुसलं. बोळा कोरा निघाला, काच लाल. नखानं खरवडलं. मग चष्मा काढून तोंड अगदी जवळ नेलं.

लाल बाहेरून नव्हतं. आतून होतं.

मी पाना आणून फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. काय सांगू! कागदाच्या एकेका घडीत हळद दाबून बसलेली, आणि तिच्यावर आठ-पंधरा दिवसांच्या मातीचा थर. घोटभर हवा जायला वाट नव्हती. फिल्टर काढून मी पाइपवर आपटला, तर एवढी हळद निघाली की एका लग्नघराला पुरली असती. झटकून, फुंकून, होता तसा बसवला. यंत्र सुरू केलं. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला, आणि टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली. रतनसिंग म्हणायचा तशी, पातळ. सगळं मिळून पाव तास लागला.

शिट्टी ऐकून लिंबाखालचे लोक उठून आले. साहेबही तंबूतून बाहेर आले. "वा, शेषराव! काय केलंत?"

तेवढ्यात मी सांडलेल्या हळदीवर पायानं माती लोटली होती. "पंप बसवला साहेब, बारकाईनं," मी म्हणालो.

होय, असं म्हणालो मी. आता हसू येतं, पण तेव्हा नव्हतं आलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मग नरसिंगनं यंत्र चालवून पाहिलं, माती भराभर हलायला लागली, आणि साहेब जमलेल्या सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलं? तो चोर गेला, आणि यंत्र सुधारलं."

मी बोळा उचलून पुसलेलेच दिवे पुन्हा पुसायला लागलो. हळद मी खाल्ली असती तरी इतकी कडू लागली नसती.

संध्याकाळी घरी आलो. मालनबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारातच माझे हात बघितले. कोपरापर्यंत पिवळे.

"अवो, कोणाच्या हळदीला जाऊन आले?"

मला वाटलं, हिला सांगून टाकावं, ही हसेल, मोकळं वाटेल. सगळं सांगितलं. मशीननं भंडारा घेतला तिथं ती हसली, कुंकू खरवडलं तिथं पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"मंग रतनसिंगभाऊचं काय?"

"काय म्हंजी?"

"त्यायला बोलावलं का साहेबानं?"

मी पिवळे हात मागं घेतले. ती म्हणाली, "जमनाबाई परवा बाजारात भेटली. माझ्याशी बोलली न्हाई. मी म्हटलं, काहून न्हाई बोलली? मला वाटलं, दिसलीच न्हाई मी तिला." मग तिनं माझ्यापुढं पाण्याची बादली ठेवली आणि आत निघून गेली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रागावली पुष्कळदा, पण माझी लाज तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी उजाडताच मी तांड्यावर गेलो. हजेरीला अजून दीड तास होता. वाटेत मी सगळं बोलणं घोकून ठेवलं होतं. रतनसिंग घरामागच्या तुकड्यात कापूस वेचत होता. घराच्या दारातून जमनाबाईनं मला बघितलं आणि बसायला काही टाकलं नाही. मी उभाच राहिलो.

"रतनसिंग," मी म्हणालो, "चूक माझी व्हती. फिल्टर तुंबला व्हता. हळद. तू म्हणला व्हतास ते बराबर व्हतं, शिट्टीचं पण अन् त्या लाल काचेचं पण. तू चोर न्हाईस."

एवढं बोललो आणि मला खरंच हलकं वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, जाऊ द्या मिस्त्री, होतं असं. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवीन, जमनाबाई चहा करील, आणि मी घरी जाऊन मालनबाईला सांगीन की मिटलं.

रतनसिंगनं हातातला कापूस कमरेला बांधलेल्या फडक्याच्या ओट्यात टाकला. "मी चोर न्हाई हे मला सांगायला आले का तुमी?"

"व्हय."

"मला तं माहीतच व्हतं," तो म्हणाला. "ज्यायला माहीत न्हाई, त्यायला सांगा."

माझं घोकलेलं सगळं बोलणं तिथंच संपलं. एका माणसाला शेतात एकटं गाठून कबुली देणं किती स्वस्त पडतं, हे मला त्याच्या त्या एका वाक्यानं कळलं. मी म्हणालो, "चल." तो ओटा सोडून, हात झटकून निघाला. जमनाबाईही निघाली.

कामावर हजेरी चालू होती. सत्तर माणसं, साहेब खुर्चीवर. रतनसिंगला बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी पुढं झालो. मला वाटलं होतं मी धीटपणे बोलेन; प्रत्यक्षात मी साहेबांच्या खुर्चीजवळ वाकून, जवळजवळ कानात सांगितलं. दसरा, हळद, कुंकू, काच, फिल्टर, आणि पंपाचं माझं खोटं. सगळं.

साहेब आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं. असं हसले की खुर्ची हलायला लागली, डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. "म्हणजे डोझरला हळद लावलीत तुम्ही! अहो शेषराव! तुम्ही पण ना!" त्यांनी सगळ्यांना ती गोष्ट ऐकवली. सगळे हसले. मीही हसलो, कारण माझ्यावर हसण्यासारखं होतंच. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. "चूक कुणाकडूनही होते," ते म्हणाले. "जा रे रतनसिंग, चढ यंत्रावर."

मला कुणी काही शिक्षा केली नाही. माझा पाव दिवसही कापला गेला नाही. चहाचा कप माझ्या हातात आला तेव्हा मला कळलं की ज्यानं काही केलं नव्हतं त्याला बारा दिवस घरी बसावं लागलं, आणि ज्यानं सगळं केलं तो इथं चहा पितोय. हे कळायला मला कप हातात यावा लागला, यावरून माझ्या निदानाचा वेग काय तो समजा.

रतनसिंग हसला नव्हता. तो यंत्रावर चढलाही नव्हता.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "ऐकलं नाहीस?"

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी मला चोर म्हणले, ते समद्यायला ऐकू आलं व्हतं. आता हे मिस्त्री तुमच्या कानात बोलले, अन् तुमी हळदीचं सांगितलं. मी चोर न्हाई हे कोणीच न्हाई सांगितलं."

हसणं थांबलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग कालव्याकडे, मग माझ्याकडे. "शेषराव, सांगून टाका हो," ते म्हणाले, आणि रुमालाची घडी घालायला लागले.

मी कप खाली ठेवला. माणसांकडे तोंड केलं. "रतनसिंग चोर न्हाई," मी म्हणालो. ट्रकच्या इंजिनावर ओरडून ओरडून कमावलेला माझा आवाज, पण निघाला तो एखाद्या सासुरवाशिणीसारखा.

"मागं ऐकू न्हाई आलं," रतनसिंग म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मागं खरंच ऐकू आलं नव्हतं. मागं त्याच्या तांड्यावरची ती पाच माणसं उभी होती, आणि त्यांच्या शेजारी जमनाबाई.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी अर्ध्या लोकांना ऐकू गेलं असेल. रतनसिंग तसाच उभा. माझी लाज वाटून साहेब खाली बघत होते. मग मी छाती भरून हवा घेतली आणि ओरडलो, "रतनसिंग चोर न्हाई! डिझेल त्यानं न्हाई नेलं! त्यानं मला दोनदा सांगितलं व्हतं, अन् मी ऐकलं न्हाई! मला रोग कळला न्हाई, अन् ते कबूल करायची लाज वाटली, म्हून मी त्याच्यावर ढकललं!"

पलीकडं नाल्यावर धुणं धुणाऱ्या बाया धुणं थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. कुणी हसलं नाही. जमनाबाईनं पदर खोचला, कडेला पालथी पडलेली एक टोपली उचलली आणि मातीच्या ढिगाकडे चालायला लागली.

मग रतनसिंगनं माझ्यापुढं हात केला, आणि मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.